उजव्या हाताचा नियम

आमच्या आत्याला हाक मारली की ती पहिल्या हाकेला ओ देत नाही. ऐकू येत नाही असं नाही. ऐकू तिला इतकं येतं, की बंद खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे ती जिन्यावरूनच सांगते. पण ती कुठेतरी गेलेली असते, आणि तिथून परत यायला तिला तीन हाका लागतात. चौथ्या हाकेला मी चिडते. हा माझा नाकावरचा राग बाबांकडून आलेला नाही, आत्याकडूनही नाही. कुठून आला देव जाणे. पण दुकान त्याच्यावरच चालतं, असं आत्या म्हणते.

दुकान मोटारी भरून द्यायचं. जळालेले पंप, बंद पडलेले पंखे, कुणाच्या लिफ्टची मोटार, कुणाच्या कपडे धुण्याच्या मशीनची. आतली काळी पडलेली तार कापून काढायची आणि नवी तांब्याची तार, वेढे मोजत, खाचेखाचेतून पुन्हा बसवायची. मी पुढे बसते, मोटारींना चिठ्ठ्या बांधते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. मागच्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली, आत्या. दुपारी त्या खिडकीतून ऊन येतं, वार्निशचा वास जड होऊन खोलीत बसून राहतो, आणि त्यात तिचा डावा हात चालू असतो. उजवा हात मोटार धरतो, डावा तार ओवतो. सरसर, सरसर. मोटार न्यायला आलेली माणसं घाई विसरून दारात उभी राहतात. शेजारचा कुलूपवाला म्हणायचा, "बाईंच्या डाव्या हातचा मळ आहे हा!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचा. लिहायचं झालं की मात्र पेन तिच्या उजव्या हातात. मी जन्मापासून तसंच पाहिलेलं, त्यामुळे त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मोटार भरून झाली की ती चालू करायची, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवायची, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायची. पाच मिनिटं, कधी दहा.

"झालं का गं? माणूस खोळंबलाय."

"थांब. फिरतंय."

"फिरतंय ते मलाही दिसतंय."

"तुला मोटार फिरताना दिसतेय. मी दुसरं म्हणतेय."

दुसरं काय, ते तिला चाळीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी पेपर वाचायला दुकानात येतात. ते पेपराआडून म्हणायचे, "जाऊ दे तिला. येईल परत." बाबांचा स्वभावच असा मऊ. बहीण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण तिच्याशी बोलताना मी त्यांना कधी पुरतं मोकळं झालेलं पाहिलं नव्हतं.

तर एक दिवस मुलींच्या तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिका पंप घेऊन आल्या. तासभर आत्याचा हात बघत उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे वायंडिंग शिकवायला याल? जागा आहे." आत्याने तिसऱ्या हाकेची वाट न बघता मान वर केली. मी तर पडायचीच बाकी होते. पण बाईंनी पुढे अट सांगितली. शिकवणाऱ्याने कॉलेजचा एक पेपर पास केलेला हवा: वीज, चुंबक आणि प्रकाश. फार कठीण गणित नाही, नुसतं बीजगणित. नवं सत्र सुरू व्हायच्या आत निकाल हातात हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

"कशाला हवीय ही उठाठेव?" मी म्हटलं. "सत्तावन्न वर्षांची झालीस. इथे काय कमी आहे?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "हे हातातलं कुणाला देऊन जाऊ? तुला?"

मला कसलं डोंबल! मी भरलेली एकमेव मोटार अजून वरच्या फळीवर पडलीय. ती चालू केली तेव्हा कुलूपवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला होता. माझ्याकडून काही होणार नव्हतं. आत्याला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही तिने. ते कसब तिच्याबरोबर जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, फक्त बोललं कुणी नव्हतं. "मला ती जागा हवी आहे," ती म्हणाली. आयुष्यात तिने 'मला हवं आहे' असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दहावी-बारावी तिने तिशीत बाहेरून दिली होती, म्हणून प्रवेश मिळाला. आठवड्यातून तीन दुपारी वर्ग. सगळी मुलं एकोणीस-वीसची, आणि शेवटच्या बाकावर, भिंतीलगत, आमची आत्या. सरही पोरगेलेसे, पहिल्या दिवशी तिला कुणाची तरी आई समजून म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." ती खरंच उठून बाहेर जाऊन उभी राहिली. एका मुलीने तिला परत आत आणलं. घरी येऊन हे तिनेच सांगितलं, हसत हसत, आणि मी मात्र रात्रभर त्या सरांना मनातल्या मनात झोडपत होते.

पण तिला तो वर्ग लाभला. बीजगणित तर तिला इतकं आवडलं की मला आश्चर्यच वाटलं. "क्ष म्हणजे न उघडलेली मोटार," ती म्हणायची. "बाहेरून जे जे मोजता येतं ते मोजायचं, मग आत किती वेढे आहेत ते आपोआप कळतं." व्होल्ट, अँपिअर हे शब्द ती रोजच वापरायची, पण आता ते उच्चारताना थांबायची, जुन्या शेजाऱ्याचं खरं नाव आज कळलं असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर यायचं. स्वयंपाक करताना तिचं बोट ओट्यावर आकृत्या काढायचं. पाण्याचा नळ चालू ठेवून ती धारेकडे बघत बसायची आणि मी ओरडून बंद करायचे.

एकदा मी तिला आणायला गेले तर वर्ग संपून मुलं निघून गेलेली, आणि खोली काळोखी. खिडक्यांना प्रकाशाच्या प्रयोगासाठी काळा कागद लावलेला, त्यात पेन्सिलच्या टोकाएवढं एक भोक. समोरच्या भिंतीवर बाहेरचा सगळा रस्ता उलटा पडला होता. झाडं खाली लोंबत होती, आभाळ जमिनीशी होतं, आणि छताजवळून एक सायकलवाला डोकं खाली करून शांतपणे चालला होता. आवाज नाही, काही नाही. आत्या एकटी बाकावर बसलेली. मी भांडायलाच आले होते, उशीर झाला म्हणून. पण शेजारी बसले. एक बाई उलट्या छत्रीखालून गेली. एक कुत्रं आलं, थांबलं, गेलं. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. ऊन उतरलं तसा भिंतीवरचा रस्ता फिकट होत होत विझून गेला. घरी जाताना मी सरळ उभ्या झाडांकडे बघत होते आणि मला तीच चुकीची वाटत होती.

परीक्षा झाली. आत्या म्हणाली, "पेपर छान होता." मग आठवड्याने सरांचा निरोप आला, की भेटायला या, जमलं तर घरचं कुणी बरोबर आणा. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याबरोबर निघाले.

सर फार अवघडून बसले होते. समोर आत्याची उत्तरपत्रिका. "बाई, विजेचा भाग उत्तम आहे," ते म्हणाले. "प्रकाशाचा ठीक. पण चुंबकाच्या भागात मला काही समजत नाहीये. हे बघा. दोन समांतर तारा, दोन्हींत वीज एकाच दिशेला. पहिल्या तारेमुळे दुसरीजवळ चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला, ते तुम्ही बरोबर उलटं लिहिलंय. आणि तरी शेवटी उत्तर काय, तर तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. उत्तर बरोबर! पुढच्या गणितात तेच. मधली पायरी चूक, उत्तर बरोबर. असं पाच वेळा." ते थांबले. "असं सहसा... शेजारच्याचं उत्तर बघितलं तरच होतं."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, काय बोलताय काय तुम्ही? तुमच्या जन्माआधीपासून मोटारी भरतेय ती! शेजारच्याचं बघायला तिच्या शेजारी होतं कोण, भिंत?"

"तू गप गं," आत्या म्हणाली. रागावलेली नव्हती. तिने सरांच्या टेबलावरचं पेन उजव्या हातात घेतलं, कागद पुढे ओढला, आणि डावा हात वर केला. "तुम्ही शिकवलंत तसंच केलं मी. अंगठा विजेच्या दिशेला. बोटं वळतात तसं क्षेत्र."

सर तिच्या हाताकडे बघत राहिले. मग उत्तरपत्रिकेकडे. मग पुन्हा हाताकडे.

"बाई, हा डावा हात आहे."

"हो."

"नियम उजव्या हाताचा आहे."

"उजव्या हातात पेन आहे," आत्या म्हणाली.

सरांना हसू फुटलं, आणि मग ते हसायचे थांबून ताडकन उठून उभे राहिले. दरवर्षी पाच-दहा पोरं ही चूक करतात म्हणाले. पेन उजव्या हातात, म्हणून घाईत मोकळा डावा हात वर होतो. पण ती एकदा करतात, एकदा नाही, आणि सगळंच गडगडतं. आत्याने मात्र प्रत्येक पायरीला डावाच हात वापरला होता. क्षेत्राची दिशा उलटी आली. त्या उलट्या क्षेत्रावरून जोर कुठे लागेल ते काढतानाही डावाच हात, म्हणून तेही उलटलं. दोनदा उलटं झालं आणि शेवट सुलट आला. "कॉपी नाही ही," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माफ करा मला. खरंच माफ करा."

"मग चुकलं कुठे?" आत्याने विचारलं. "क्षेत्र कुणी पाहिलंय? मोटार तर बरोबर बाजूला फिरते."

मला वाटलं, जिंकली! पण सर प्रामाणिक निघाले. त्यांनी खणातून होकायंत्र काढलं, तार उभी बांधली, बॅटरी जोडायच्या आधी विचारलं, "तुमच्या हाताप्रमाणे सुई कुठे वळेल?" आत्याने खिडकीकडे बोट केलं. बटण दाबलं. सुई थरथरली आणि दाराकडे वळली.

"पुन्हा," आत्या म्हणाली. पुन्हा दाराकडेच. "चूक माझी," ती म्हणाली. मग तिने होकायंत्र हातात घेतलं आणि तारेभोवती हळूहळू फिरवायला लागली. सुई तिच्याबरोबर वळत गेली, वळत गेली, पूर्ण एक फेरा घेऊन आली. आत्याने दुसरा फेरा घातला, तिसरा घातला. तिचा चेहरा कानाशी मूठ धरल्यावर व्हायचा तसा झाला होता. "हेच," ती पुटपुटली. "फिरतंय म्हणत होते ते हेच. मोटारीच्या आधी हे फिरतं." दुपारच्या त्या उन्हात तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती, आणि ती नापास झालीय हे मी क्षणभर विसरूनच गेले होते.

नापास होतीच. शेवटच्या उत्तरांचे अडवलेले गुण सरांनी दिले, तरी पायऱ्यांचे गेलेच. चाळीसला पास, मिळाले सदतीस. "मला तीन गुण असेच देता येणार नाहीत," सर म्हणाले. "देऊ पण नका," आत्या म्हणाली. "सुईने सांगितलंय." फेरपरीक्षा पंचवीस दिवसांनी. तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिका तिच्या निकालापर्यंत थांबायला तयार झाल्या, त्यापुढे एक दिवस नाही.

आता वाटतं, यात अवघड ते काय! पेन खाली ठेवायचं, उजवा हात वर करायचा. मीही तेच म्हटलं. दुकानात बसून मी तिला दहा गणितं घातली. सहा वेळा डावा हात वर गेला. बजावून सांगितलं, पुन्हा दहा घातली. पाच वेळा. तिला कळायचंही नाही. डोकं विचारात गेलं, की तो हात आपला आपण उठायचा. पन्नास वर्षं तोच विचार करत आला होता, तो बिचारा काय करणार! "कर्म माझं," मी म्हटलं, "बांधून ठेवू का तुझा हात?"

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेन उजव्या हातातून काढून डाव्यात घेतलं. "नको," ती म्हणाली. "त्याला कामाला लावू. तो लिहील. मग उजवा मोकळा राहील." आणि तिने कागदावर एक अक्षर काढलं. वाकडंतिकडं, मोठं, पहिलीतल्या पोराचं असावं तसं. बाबा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

"यांना काय झालं?" मी विचारलं.

आत्याने सांगितलं, अक्षर गिरवता गिरवता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. ती सात वर्षांची होती, बाबा बारा वर्षांचे. ती डाव्या हाताने लिहायची, आणि मास्तर त्या हाताच्या पेरांवर लाकडी पट्टी मारायचे. एकदा रक्त आलं. तेव्हापासून बाबा रोज शाळेत जाताना वाटेत थांबून तिचा डावा हात आपल्या रुमालाने तिच्या कमरेच्या पट्ट्याला बांधायचे. शाळा सुटली की सोडायचे. दोन वर्षं. मग उजव्या हाताला लिहायची सवय लागली आणि मार थांबला. "दादाने वाचवलं मला," ती म्हणाली. माझ्या तोंडाला कुलूप पडलेलं कुलूपवाल्याने पाहिलं असतं तर त्याने सगळ्या गल्लीला गोळा केलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा लहान मुलांची दुरेघी वही घेऊन आले. आत्यासमोर स्टूल ओढून बसले आणि शुद्धलेखन घालायला लागले. "चुंबक. तार. क्षेत्र. दिशा." ती लिहायची, ते थांबायचे. रोज दोन तास. पोस्टातली त्यांची सवय, शब्द सावकाश आणि स्वच्छ. खिडकीतून ऊन सरकायचं, मोटारी पडून राहायच्या, मी बाहेर गिऱ्हाइकांना थोपवून धरायचे. त्या रुमालाबद्दल दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. कधी कधी मला ती दोघं म्हातारी दिसायचीच नाहीत. दोन मुलं अभ्यास करत बसलीत असंच वाटायचं.

परीक्षेत तिला वेळ पुरला नाही. डावा हात हळू. शेवटचं भिंगाचं गणित सोडूनच द्यावं लागलं. ती बाहेर आली ती बोटं चोळत. "चुंबकाचं सगळं लिहिलं," एवढंच म्हणाली.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सर जिन्यावरून धावतच आले, उत्तरपत्रिका हातात घेऊन. "त्रेचाळीस!" ते ओरडले. "बाई, चुंबकात एकही चूक नाही!" मी त्यांना मिठीच मारणार होते, पण आधी त्यांच्यावर ओरडलेलं आठवून नुसतं हसले. आत्याने डोळे मिटून घेतले. "मिळाली," ती म्हणाली. "मिळाली गं जागा."

बाबांनी उत्तरपत्रिका मागून घेतली. ते व्हरांड्याच्या कडेला जाऊन एकेक पान उलटत राहिले. मोठी, तिरकी, धडपडत चाललेली अक्षरं. पानाच्या शेवटी शेवटी ती जरा सरळ होत गेली होती.

"हे तुझं अक्षर," बाबा म्हणाले.

"वाईटच आहे."

"मला वाटायचं, मी तुला वाचवतोय." ते पान उलटायचे थांबले. "इतकी वर्षं मी हेच धरून बसलो, की वाचवलं."

"वाचवलंसच की दादा. मार चुकला माझा." आत्या त्यांच्याजवळ गेली. थोडा वेळ ती नेहमीसारखी कुठेतरी निघून गेली, आणि या वेळी कुणी हाक न मारता परत आली. "फक्त गाठ फार घट्ट असायची."

"सांगायचंस गं. एकदा तरी सांगायचंस! सैल केली असती मी."

"बांधताना तू रडायचास," आत्या म्हणाली. "रोज. तुला कसं सांगू?"

बाबा तिथेच पायरीवर बसले आणि तोंडावर हात धरून रडायला लागले. आत्या त्यांच्याशेजारी बसली. मी सरांकडे वळून पाहिलं, तर ते हळूच वर निघून गेले होते. मग मीही जाऊन दोघांच्या मागच्या पायरीवर बसले, आणि बराच वेळ आम्ही तिघं तिथेच होतो.